तेलाच्या कॅनवरची रेघ

१४ जानेवारी २०२४

आज टाकीत पहिली चौकट बुडवली. खताच्या दुकानवाल्यानं दिलेली ही डायरी दोन आठवडे कोरीच पडली होती, आजपासून लिहायची म्हणून बसलोय. वसमतच्या आरा मशीनवर नऊ वर्षं काढली मी. तिथं एक गोष्ट शिकलो. माणूस तोंडानं काय बोलतो ते ऐकायचं नाही, त्याचे हात कुठं चाललेत ते बघायचं. माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. हे फुशारकी म्हणून लिहीत नाही, आहे ते आहे.

धंदा असा. आमच्या डोंगरकडा गावाच्या भागात सागवानाची चौकट आता कुणाला झेपत नाही. लोक आंब्याचं लाकूड लावतात आणि दोन वर्षांत उदई ते खाऊन मोकळी होते. वरून रंग तसाच, बोट दाबलं की आत माती. मी बोरॅक्स आणि बोरिक पावडरच्या गरम पाण्यात चौकट बुडवतो, मग ताडपत्रीखाली महिनाभर दाबून ठेवतो. औषध आतपर्यंत मुरतं, उदई तोंड लावत नाही. चौकटीच्या मागच्या अंगाला माझं नाव कोरून देतो आणि वर सात पावसाळ्यांची हमी.

सुतारकामाला संतरामकाका आहेत. मिनाच्या माहेरच्या तांड्यावरचे. माझ्या बायकोला त्यांनी कडेवर घेऊन फिरवलंय, म्हणून मला जावई म्हणतात. हाताचे चांगले, बोलायला कमी.

आमच्या तांड्याचे नाईक प्रेमसिंग आज टाकी बघून गेले. सेवालाल महाराजांच्या देवळाला नवं दार बसवायचंय. म्हणाले, तुझ्या चौकटी एक पावसाळा काढू दे, मग देवळाचं दार तुझं. ते दार मला पाहिजे. देवळाच्या दारामागं माझं नाव लागलं की आजूबाजूचे सगळे तांडे आपोआप येतील, आणि मशीनवर परत जायची पाळी येणार नाही.

२३ जानेवारी

संतरामकाकांनी जवसाच्या तेलाचा कॅन आणायला लावला. चौकट वाळली की उंबरठ्याच्या लाकडाला ते गरम करून लावायचं म्हणतात. एक हात नाही, तीन हात, मध्ये एकेक दिवस सोडून. टोकं तर तेलातच उभी करायची. मी विचारलं, औषध आत जातंय ना, मग तेल काहून?

"जावई, औषध म्हणजे मीठ हाय. पाण्यातून आत गेलं, पाण्यातूनच बाहेर येतं. उंबरठ्यावर बाया रोज सकाळी पाणी घालतात. तेल पाजलेलं असलं की पाणी वरच्या वर राहतं."

बोलणं पटण्यासारखं आहे. पण पटण्यासारखं बोलणारे मी मशीनवर लई बघितलेत.

९ फेब्रुवारी

तेल उतरून राहिलंय. कॅन पांढरा आहे, उजेडात धरला की तेल कुठवर आहे ते दिसतं. सोमवारी सुताराच्या पेन्सिलनं हँडलच्या मागं रेघ मारली, सहज दिसणार नाही अशी. आज शुक्रवार. मधल्या दिवसांत एकाही लाकडाला तेल लागलेलं नाही, सगळा माल ताडपत्रीखाली. आणि तेल रेघेच्या दोन बोटं खाली.

शेडमध्ये येणारी माणसं दोनच, मी आणि संतरामकाका. याडी, म्हणजे माझी आई, दुपारची भाकर घेऊन येते, पण ती काही मोजायची नाही.

याडीवरून आठवलं, तिचे गुडघे चांगलेच सुधारलेत. मागच्या महिन्यात घरापासून शेडपर्यंत भिंत धरत यायची. आता डबा एका हातात घेऊन सरळ येते. वसमतच्या डॉक्टरच्या गोळ्यांना गुण आला म्हणायचा. मिना म्हणते, याडी गोळ्या उशाखाली ठेवते, घेत नाही. सासू-सुनेचं असलं चालूच असतं, मी लक्ष दिलं नाही.

१३ फेब्रुवारी

अजून एक बोट खाली.

१८ फेब्रुवारी

आज विषय तोडून टाकला. आधी आडून विचारलं, तेल जरा लवकर संपून राहिलंय का? संतराम म्हणाला, लाकूड कोरडं असलं की जास्त पितं. ताडपत्रीखालचं ओलं लाकूड तेल कसं पितं हे काही त्यानं सांगितलं नाही. खोटं बोलताना त्याची नजर खाली गेली, ते मी बराबर टिपलं. मी एवढंच म्हणलं की आजपासून तेल बंद, माझा औषधावर भरवसा आहे.

त्यानं हातातला रंधा खाली ठेवला. म्हणाला, "चौकटीची बाकी तिन्ही लाकडं तशीच जाऊ द्या. पण उंबरठा बिनतेलाचा देऊ नका, जावई. पावसाळ्यात तोंडावर पडाल."

ज्याचं काही जात नाही त्याला एवढं काहून लागावं? कॅन उचलून घरी आणला आणि याडीच्या खाटेखाली ठेवला. घरात तेवढीच जागा भरवशाची. याडी दिवसभर तिथंच असते.

३ मार्च

डोंगरकड्यात देवळाची पूजा बघणारे विश्वंभरकाका, त्यांच्याकडं मागच्या आठवड्यात चौकट बसवली. आज सुधाकाकूंनी बोलावून घेतलं. नव्या उंबरठ्यावर मिठासारखं पांढरं फुटलंय, हळद-कुंकू वाहिलं तरी खालून दिसतं, बरं वाटत नाही म्हणाल्या. मी म्हणलं, काकू, ते जास्तीचं औषध आहे, आत मावलं नाही म्हणून बाहेर आलं. सकाळी उंबरठा धुता तेव्हा दोन तांबे पाणी जास्त घालत जा, निघून जाईल. त्यांचं समाधान झालं.

आणखी तीन घरी तसंच दिसलं. तिथंही हेच सांगून आलो. संतरामला विचारलं असतं तर त्यानं यातूनही तेलच काढलं असतं.

२६ मार्च

होळीमुळं टाकी बंद. काल याडी लेंगी गाण्यांच्या फेरात नाचली. एक नाही, तीन फेर. सगळा तांडा बघत होता. नाईक म्हणाले, बेबीबाई, कुठलं औषध घेतलं ते आम्हाला पण सांगा. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मला लई बरं वाटलं. डॉक्टरला एकदा भेटून सांगायला पाहिजे.

९ एप्रिल

पाडव्याचा मुहूर्त धरून आमच्या घराची चौकट बदलली. संतरामला हातच लावू दिला नाही. पावडर मी तोलली, लाकूड मी बुडवलं, मी वाळवलं, मीच बसवलं. एक तरी चौकट अशी असावी की जिच्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. मिनानं उंबरठा धुऊन स्वस्तिक काढलं. संतराम येऊन बघून गेला, लाकडाच्या टोकांवरून अंगठा फिरवला, बोलला काही नाही. चूक सापडली नाही म्हणून गप बसला असणार.

२२ एप्रिल

आज दोन गोष्टी.

पहिली. भर दुपारी सगळे आडवे झाले की संतराम हातात किटली घेऊन कुठंतरी जातो. परवा मागं मागं गेलो. माझा चुलतभाऊ कुलदीप, त्याच्या घरात शिरला. अर्ध्या तासानं बाहेर आला, हात फडक्याला पुसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच, मग पलीकडच्या शिलाच्या घरी. दोन्ही घरी चौकटी माझ्याच आहेत. आता हा तिथं चहा प्यायला तर जात नसेल. माझी गिऱ्हाईकं फोडून स्वतःची टाकी घालायचा विचार दिसतो.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातंय. खाटेखालच्या कॅनमधलं तेलही उतरलंय. सकाळी कॅनभोवती ज्वारीचं पीठ भुरभुरवून ठेवलं. संध्याकाळी बघतो तर पावलं. अनवाणी, बाईची. घरात बायका दोन. याडीला तर खाली वाकता येत नाही. उरली एकच, आणि ती संतरामच्या तांड्यावरची.

मिनाला विचारलं. ती पीठ मळत होती, तसंच मळत राहिली. मग म्हणाली, "तुमी जमिनीवर पीठ टाकून बायकोचे पाय मोजायले. मी ह्याचं उत्तर देणार न्हाई."

२ जुलै

पाऊस लागला. अजून एकही तक्रार नाही. मिना कामापुरतं बोलते. याडी परत भिंत धरून चालायली, पावसाळी हवेनं असेल. डॉक्टरकडं न्यावं लागेल.

१९ ऑगस्ट

सुधाकाकूंच्या उंबरठ्याला उदई लागली.

निरोप आल्याआल्या गेलो. भिंतीच्या कडेनं मातीची बारीक नळी वर आलेली, थेट लाकडात गेलेली. विश्वंभरकाकांनी किल्लीचं टोक दाबलं, ते बोटभर आत गेलं. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त चौकटीमागं कोरलेलं माझं नाव बघत उभे राहिले. सुधाकाकू म्हणाल्या, अहो, तुम्ही सांगितलं तसं रोज स्वच्छ धुतला की हो मी.

तिथून बाकीची घरं फिरलो. तीन घरी तेच. आणि दोन घरी उंबरठा अगदी ठणठणीत. कुठली दोन? कुलदीपची आणि शिलाची. जिथं जिथं संतराम किटली घेऊन गेला होता ती. आता यात समजायला काय राहिलं? माझ्या टाकीतलं औषध त्यानं पातळ केलं, आणि खरं औषध किटलीतून त्या दोन घरांना नेऊन दिलं. पावसाळा संपेल, मी बदनाम होईन, आणि हा त्या दोन चौकटी दाखवून देवळाचं दार घेईल.

२५ ऑगस्ट

नाईकांच्या ओट्यावर तांडा बसला. याडीचे गुडघे धरले होते म्हणून ती घरीच होती, ते एक बरं. मी सगळं मांडलं. रेघ, किटली, दोन घरं. माझं बोलणं लोकांना पटून राहिलं होतं, ते मला दिसत होतं.

नाईकांनी संतरामला विचारलं, टाकीतलं औषध पातळ केलं का? तो म्हणाला, केलं न्हाई, पण आधी जावयांनी सांगावं, उंबरठ्याला तेल दिलं होतं का. मी म्हणलं, विषय तेलाचा नाही, औषधाचा आहे.

मग नाईक म्हणाले, बरं, तेलाचंच सांग. कॅनमधलं तेल कुठं गेलं? तुला ठाऊक हाय का न्हाई?

"ठाऊक हाय," संतराम म्हणाला.

नाईकांनी पुढचं विचारलं, सेवालाल महाराजांची आण घेऊन सांग, कुणी नेलं. संतराम खाली बघत बसला. तीनदा विचारलं, तीनदा तो गप्प. मग विचारायचं कुणाला काही राहिलं नाही.

नाईकांनी सांगितलं, आमच्या तांड्यावर संतरामला इथून पुढं काम द्यायचं नाही. देवळाच्या दाराचं नंतर बघू. संतराम शेडमध्ये गेला, पटाशी, करवत, रंधा पोत्यात घातला आणि रस्त्याला लागला. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. मी जिंकलोय. पण मिना सभेतून मधूनच उठून गेली होती, मी घरी आल्यावर बघतो तर तिचे डोळे सुजलेले.

१५ सप्टेंबर

एकट्यानं चौकट उचलता येत नाही. नवं काम आलेलं नाही.

३ ऑक्टोबर

आज घट बसले. मिनानं सकाळी सगळं घर धुतलं, उंबरठ्यावर तांब्यानं पाणी घातलं. मी मागाहून बाहेर निघालो, उंबरठ्यावर पाय टेकला आणि अंगठा लाकडात गेला. आमच्या उंबरठ्यात.

खाली बसलो. नखानं टोकरलं. वर हळदीचा रंग, आत माती आणि पांढरी वळवळ.

पावडर मी तोलली होती. लाकूड मी बुडवलं होतं. संतरामनं याला एक अंगठा फिरवला होता, तेवढाच. अर्धा तास तिथंच बसून मी कुणाचं नाव घेता येतंय का ते बघत होतो. कुणाचंच येईना.

तेवढ्यात याडीनं खाटेवरून हाक मारली.

"योगेश, खाटंखालचं तेल संपून लई दिवस झाले रे. गुडघे परत धरले. नवीन कधी आणतोस?"

मी विचारलं, कुठलं तेल? तर म्हणाली, तेच, लाकडाचं. आधी शेडमध्ये भाकर द्यायला यायची तेव्हा पसाभर घ्यायची आणि तिथंच गुडघ्यांना चोळायची. मग मीच कॅन आणून खाटेखाली ठेवला, तिला वाटलं पोराला कळलं आणि आपल्यासाठीच ठेवला. तेल होतं तोवर रोज घेतलं. मी विचारलं, संतरामकाकांना माहीत होतं? ती म्हणाली, माहीत म्हणजे काय, त्यालाच तर विचारून घेतलं पहिल्यांदा. "मीच म्हणले त्याला, योगेशला सांगू नको. गोळ्या घेत न्हाई कळलं तर बडबडंल. म्हणला, न्हाई सांगत याडी. गुणाचा माणूस. कुठं गेलाय तो? सुगीला गेला व्हय घरी?"

मिना दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं आता बोलेल. ती भाकरीचं पीठ मळायला आत गेली.

५ ऑक्टोबर

कुलदीपकडं गेलो. त्याच्या बायकोनं सरळ सांगितलं. संतरामकाका किटलीत स्वतःच्या घरचं तेल गरम करून आणायचे, तीन दिवस येऊन उंबरठ्याला पाजून गेले. सांगून गेले, पाणी ओतू नका, फडक्यानं पुसा. शिलाकडंही तसंच. बाकीची घरं करायच्या आधी त्यांचं तेल संपलं. हे सगळं मला काहून सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, काका म्हणाले होते जावयाचं काम खोटं पाडल्यासारखं दिसतं, बोलू नका.

दोन तांबे पाणी जास्त घाला. हे माझे शब्द. चार घरी जाऊन सांगितलेले.

९ ऑक्टोबर

जवळा बाजार गावाला गेलो. आठवडी बाजारात चिंचेखाली संतरामकाका खुरप्यांना मुठी बसवत होते. समोर उभा राहिलो आणि विचारलं तेच जे सहा दिवस डोक्यात होतं. सभेत बोलला काहून नाही?

"याडीनं सांगू नको म्हणलं होतं."

मी म्हणलं, पण सभेत तरी.

"सभंत सांग, असा निरोप तिनं धाडला न्हवता." एवढं बोलून त्यांनी पुढचं खुरपं घेतलं.

मी तिथं रडलो, हे लिहून ठेवतो. त्यांनी उठवलं नाही, हाकललंही नाही.

१३ ऑक्टोबर

पुन्हा तांडा बसला. खरं लिहितो, ओट्याकडं जाताना मनात आलं की कॅनला भोक होतं म्हणून सांगावं. याडीचं नाव पण वाचेल, माझं पण थोडं वाचेल. पण याडी मिनाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत मागं येत होती. सगळं ऐकलं होतं तिनं मिनाकडून. ओट्यापाशी आली आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली, तेल मी नेलं, त्याला गप मी बसवलं.

मग बाकीचं मी सांगितलं. तेल मी बंद केलं, पाणी मी घालायला लावलं, आणि चोर मी त्यांना ठरवलं. संतरामकाकांना बोलावलं होतं, ते एका बाजूला उभे राहून ऐकत होते.

नाईकांनी निकाल दिला. गेलेले उंबरठे मी बदलून द्यायचे. देवळाचं दार संतराम करेल, माझ्या टाकीत बुडवून, पण दारामागं नाव कुणाचंच कोरायचं नाही. मी मान हलवली.

२ डिसेंबर

देवळाच्या दाराचं लाकूड दहा दिवसांपूर्वी ताडपत्रीखालून निघालं. संतरामकाका येऊन राहिलेत रोज, वेळेवर. मी नवा कॅन भरून आणला. याडीसाठी वेगळी बाटली भरून दिली, ती तिच्या खाटेजवळ आहे. मिना हळूहळू बोलायली. शेडवर डबा आता तीच आणते, काकांना पहिला वाढते.

पहिल्या दिवशी काम संपलं तेव्हा काकांनी कानामागची पेन्सिल काढली, कॅन उजेडाला धरला आणि तेल होतं तिथं रेघ मारली. हँडलच्या मागं नाही, पुढं, सगळ्यांना दिसेल अशी. मग मला हाक मारली. मी म्हणलं, काका, आता हे नको. ते ऐकत नाहीत. सकाळी एक रेघ, संध्याकाळी एक रेघ, रोज. कॅनवर आता पंधरा-वीस रेघा झाल्यात.

मला ते जावई म्हणत नाहीत आता. आज दाराच्या टोकांना तिसरा हात देऊन झाला, फडक्याला हात पुसले, रेघ मारली आणि कॅन माझ्यासमोर आणून ठेवला.

"मालक, बघून घ्या."

मी बघितलं नाही तर ते घरी जात नाहीत, तसेच उभे राहतात. म्हणून मी वाकलो आणि बघितलं. तेल बराबर रेघेला होतं.